चिप 'काढायची' की 'लिहायची'? चाळीस वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आज भारतासाठी का महत्त्वाचा आहे?

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने तीन कंपन्यांना पत्रं पाठवली. सिनॉप्सिस, केडन्स आणि जर्मन मालकीची सीमेन्स ईडीए. चीनमधल्या ग्राहकांना तुमचं सॉफ्टवेअर द्यायचं असेल तर आधी परवाना घ्या, असा त्या पत्रांचा मथितार्थ होता. सिनॉप्सिसने तर वर्षभराच्या कमाईचा जाहीर केलेला अंदाजच बाजूला ठेवला.

मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात अमेरिका आणि चीनमध्ये व्यापाराची बोलणी पुढे सरकली आणि हे निर्बंध उठले. जेमतेम पाच आठवड्यांचा खेळ. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. त्यात ना कारखाना होता, ना मशीन, ना मोबाईल. होतं ते फक्त सॉफ्टवेअर, तेही अशा प्रकारचं की इंजिनिअर सोडले तर कुणी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

पण हे सॉफ्टवेअर बंद झालं तर नवी चिप तयार होऊ शकत नाही. कारखाना शेजारी उभा असला तरी नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं. इंजिनिअर तेव्हा चिपचं डिझाइन चित्र म्हणून काढत असत. पुढे ते लिहायला लागले.

चिप 'काढायचे' म्हणजे नेमकं काय करायचे?

डिजिटल चिपच्या मुळाशी अगदी साधे घटक असतात. त्यांना गेट म्हणतात. दोन तारा आत जातात, एक बाहेर येते. दोन्ही तारांवर '१' असेल तरच बाहेर '१' देणारं गेट म्हणजे 'अँड'. दोन्हींपैकी एकावर जरी '१' असला तरी '१' देणारं गेट म्हणजे 'ऑर'. असे हजारो-लाखो गेट एकमेकांना जोडले की बेरीज करणारं, मोजणारं, लक्षात ठेवणारं सर्किट तयार होतं.

हे सर्किट कागदावर दाखवायचं असेल तर प्रत्येक गेटसाठी एक ठरलेलं चिन्ह असतं. ती चिन्हं काढायची आणि रेघांनी जोडायची. याला स्कीमॅटिक म्हणतात. बारावीच्या किंवा डिप्लोमाच्या पुस्तकात हे चित्र पाहिलेलं अनेकांना आठवेल.

१९७१ मध्ये आलेला इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर अशाच हाताने काढलेल्या आकृत्यांमधून घडला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. स्कीमॅटिक झालं की पुढची पायरी त्याहून किचकट असायची. कुठला ट्रान्झिस्टर चिपवर कुठे बसणार, याचा शेकडो पट मोठा नकाशा काढायचा आणि 'रुबीलिथ' नावाच्या लाल फिल्मवर तो पातीने कापायचा. फिल्मचा कपटा चुकीच्या जागी राहिला तर चिप वाया. या चिपचे मुख्य डिझायनर फेदेरिको फॅगिन यांनी तिच्या एका कडेला आपली आद्याक्षरं कोरून ठेवली आहेत. चित्रकार चित्राखाली सही करतो तशीच.

१९८०-८१ च्या सुमारास डेझी, मेंटॉर आणि व्हॅलिड या तीन अमेरिकी कंपन्या निघाल्या आणि हे चित्र कागदावरून कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं. यादीतून गेट उचला, पडद्यावर ठेवा, तार ओढा. कॉम्प्युटर जोडण्यांची यादी आपोआप बनवून देई आणि सर्किट कसं चालेल याची चाचणीही करता येई. तेव्हाच्या इंजिनिअरसाठी ही क्रांतीच होती. आता यापुढे आणखी काय हवं, असं वाटावं इतकी.

मग ही पद्धत अडली कुठे?

पहिलीतल्या बेरजेचं उदाहरण घेऊ. दोन आकडे एकाखाली एक मांडायचे, उजवीकडून बेरीज करत यायचं आणि हातचा पुढे न्यायचा. चिपही हेच करते, फक्त तिचे अंक ० आणि १ एवढेच असतात. एका घराची बेरीज आणि हातचा काढायला साधारण पाच गेट लागतात. चार घरांच्या बेरजेला वीस. एवढं चित्र कुणीही अर्ध्या तासात काढेल.

आता तीच बेरीज ६४ घरांची करा. ३२० गेट. एक ठोकळा काढून त्याच्या ६४ प्रती जोडता येतात, त्यामुळे कामही तसं सोपं होतं. मोठी चित्रं छोट्या ठोकळ्यांत बांधायची ही सोय स्कीमॅटिकमध्ये होतीच. ती नव्हती असं सांगून या पद्धतीला मोडीत काढणं अन्यायाचं ठरेल.

खरी अडचण यापुढे येते. हातचा एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात असा ६४ घरं चालत जाणार असेल तर बेरीज मंद होते. वेग हवा असेल तर हातचा आधीच ओळखणारी वेगळी रचना करावी लागते. म्हणजे चित्र पुसून पुन्हा काढायचं. महिन्याभराने साहेब म्हणाले की वेग नको, वीज वाचवा. की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय चित्रातली चिन्हं ज्या कारखान्याच्या यादीतली, चिपही त्याच कारखान्यात बनणार. कारखाना बदलला तर चित्र बदलायचं.

आणि आकडे थांबायला तयार नव्हते. इंटेलच्या १९८५ च्या ३८६ प्रोसेसरमध्ये २ लाख ७५ हजार ट्रान्झिस्टर होते. १९८९ च्या ४८६ मध्ये जवळपास १२ लाख. ॲपलच्या २०२० मधल्या एम१ चिपमध्ये १,६०० कोटी.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. एका गेटला सरासरी चार ट्रान्झिस्टर धरले आणि एका ए-फोर कागदावर ५० गेट बसवले, तर एम१ चं संपूर्ण स्कीमॅटिक काढायला ८ कोटी कागद लागतील. ते एकावर एक ठेवले तर चळत साधारण आठ किलोमीटर उंच होते. एव्हरेस्टपेक्षा थोडीशीच बुटकी. प्रत्यक्षात चिपचा बराच भाग मेमरीचा असतो आणि तिथे एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे हा हिशेब जरा फुगलेला आहे. पण निम्मा केला तरी तो ढीग वाचून चूक शोधणारा माणूस मिळायचा नाही.

शब्दांत चिप कशी लिहितात?

याला उत्तर म्हणून हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या भाषा आल्या. त्यांना हार्डवेअर डिस्क्रिप्शन लँग्वेज, थोडक्यात एचडीएल म्हणतात. दोन भाषा सर्वाधिक रुजल्या: व्हीएचडीएल आणि व्हेरिलॉग. गंमत म्हणजे सुरुवातीला दोन्हींचा उद्देश चिप बनवण्याचा नव्हताच.

व्हीएचडीएल जन्माला आली ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डोकेदुखीतून. लष्करी उपकरणं वीस-तीस वर्षं वापरायची असतात. तेवढ्या काळात चिप पुरवणारी कंपनी बंद पडते किंवा ते मॉडेल बनवणं थांबवते. मग तीच चिप दुसऱ्याकडून करून घ्यायची तर ती नेमकं काय करते, हे कुठेतरी निःसंदिग्धपणे लिहून ठेवलेलं हवं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या दस्तावेजासाठी ही भाषा बनवायला घेतली आणि १९८७ मध्ये आयट्रिपलई या संस्थेने तिला प्रमाणित केलं. संरक्षण खात्याच्याच एडा या प्रोग्रामिंग भाषेवर ती बेतलेली आहे.

व्हेरिलॉग ही एका खासगी कंपनीची भाषा. १९८३-८४ च्या सुमारास गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत फिल मूर्बी आणि प्रभू गोयल यांनी ती तयार केली. गोयल हे आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. सर्किट बनवण्याआधी ते कॉम्प्युटरवर चालवून पाहता यावं, एवढाच तिचा हेतू होता. १९८९ मध्ये केडन्सने ही कंपनी विकत घेतली. पण समोर व्हीएचडीएल सर्वांसाठी खुली होती. व्हेरिलॉग आपल्याच तिजोरीत ठेवली तर लोक तिकडे वळतील, हे ओळखून केडन्सने १९९० मध्ये ती खुली केली. १९९५ मध्ये तीही आयट्रिपलईचं प्रमाण झाली. आज तिची पुढची आवृत्ती, सिस्टमव्हेरिलॉग, उद्योगात सर्वाधिक चालते; युरोपात आणि संरक्षण-अवकाश क्षेत्रात व्हीएचडीएलचा वापर अजून बराच आहे.

या भाषांमध्ये वरची बेरीज कशी लिहितात? साधारण अशी: बेरीज = अ + ब. बस्स, एक ओळ. चार घरांऐवजी ६४ घरं हवी असतील तर एक आकडा बदलायचा.

पण एवढ्याने चिप बनत नाही. 'अ + ब' म्हणजे कुठली गेट आणि त्यांच्या कुठल्या जोडण्या, हे कुणीतरी ठरवायला हवं. ते काम करणारं सॉफ्टवेअर बाजारात आणलं सिनॉप्सिसने. जनरल इलेक्ट्रिकमधून बाहेर पडलेल्या इंजिनिअरांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचं 'डिझाइन कंपायलर' वर्णन वाचायचं आणि त्यातून गेटचं जाळं तयार करायचं. या प्रक्रियेला सिंथेसिस म्हणतात. वेग हवा म्हणून सांगितलं की ते हातचा आधीच ओळखणारी रचना निवडतं, जागा वाचवायला सांगितलं की साधी. कारखाना बदलला तर त्या कारखान्याची गेटची यादी द्यायची आणि पुन्हा चालवायचं. मूळ ओळ तशीच राहते.

एचडीएलने स्कीमॅटिकवर मात केली ती या क्षणी. भाषा तर आधीपासून होत्या. तिचं सर्किट करून देणारा दुभाषा मिळाला आणि मग मागे वळून पाहावं लागलं नाही.

बाकीचे फायदे मजकुराचे होते. दोन मजकुरांमध्ये काय बदललं, हे कॉम्प्युटर क्षणात दाखवतो. दोन चित्रांमधला फरक शोधणं म्हणजे रविवारच्या पुरवणीतलं 'सहा फरक ओळखा'. मजकूर कुठल्याही संपादकात उघडतो, चित्र मात्र ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं त्यातच. याचा फटका अनेकांना बसलेला आहे. हवी तशी जोडणी करून घेता येणाऱ्या एफपीजीए चिपमधली मोठी कंपनी झायलिंक्स हिच्या आयएसई या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये स्कीमॅटिक काढता येत असे. २०१२ मध्ये आलेल्या विवाडोमध्ये कंपनीने ती सोयच ठेवली नाही. ज्यांचं काम त्या चित्रांमध्ये होतं, त्यांच्यापुढे ते एचडीएलमध्ये आणण्यावाचून पर्याय उरला नाही.

म्हणजे चित्र संपलं का?

नाही. आणि ते संपलं असं समजणाऱ्या विद्यार्थ्यांचीच पहिल्या वर्षी फजिती होते.

एचडीएल दिसते प्रोग्रामिंगसारखी. सी किंवा पायथन शिकून आलेला विद्यार्थी तिच्याकडे त्याच नजरेने पाहतो: वरची ओळ आधी चालेल, खालची नंतर. पण हार्डवेअरमध्ये सगळं एकाच वेळी सुरू असतं. सी भाषेत ६४ वेळा फिरणारं लूप म्हणजे तेच काम ६४ वेळा करणं. व्हेरिलॉगमध्ये तसंच लूप लिहिलं तर सहसा त्या सर्किटच्या ६४ प्रती तयार होतात. चिपची जागा गेली, वीज गेली आणि हे का झालं ते कळत नाही.

दुसरी नेहमीची चूक 'जर'ची. जर अमुक झालं तर तमुक कर, असं लिहिलं आणि अमुक झालं नाही तर काय करायचं ते सांगायचं राहून गेलं, तर सिंथेसिस करणारं सॉफ्टवेअर असं धरून चालतं की आधीची किंमत जपून ठेवायची आहे. ती जपायला ते आपणहून एक मेमरीचा घटक घुसवतं. त्याला लॅच म्हणतात. डिझायनरने तो मागितलेला नसतो. स्कीमॅटिकमध्ये अशी चूक सहजी होत नाही. जे काढलं नाही, ते तिथे नसतं.

म्हणून डिजिटल डिझाइन शिकवताना आधी गेट काढायला लावायचे की थेट व्हेरिलॉगवर जायचं, हा वाद शिक्षकांमध्ये अजून चालतो. यातलं पहिलं मत अधिक पटण्यासारखं आहे, निदान पहिल्या सहा महिन्यांसाठी तरी. ज्याने हातचा ६४ घरं चालत जाताना कागदावर पाहिला आहे, त्याला '+' या चिन्हाची किंमत कळते. उद्योगातही अनुभवी माणूस ओळी लिहिण्याआधी फळ्यावर ठोकळे आणि बाण काढतो. लिहून झाल्यावर सॉफ्टवेअरला त्या ओळींचं स्कीमॅटिक दाखवायला सांगतो आणि आपल्या मनातलं चित्र तेच आहे का, हे ताडून पाहतो. चित्र तिथे असतंच. पूर्वी ते इंजिनिअर काढायचा आणि यंत्र वाचायचं, आता उलट.

ॲनालॉग सर्किटमध्ये तर स्कीमॅटिकचंच राज्य आहे. रेडिओचे सिग्नल, मायक्रोफोन, बॅटरीचं चार्जिंग यांच्याशी बोलणारे चिपचे भाग ० आणि १ मध्ये मावत नाहीत. तिथे एकेका ट्रान्झिस्टरचं माप महत्त्वाचं असतं आणि इंजिनिअर आजही ते एकेक करून पडद्यावर मांडतात. चिप ज्या हिरव्या बोर्डावर बसते, त्याचं डिझाइनही स्कीमॅटिकनेच सुरू होतं.

लिहिल्यामुळे चुका टळतात, असाही समज करून घ्यायला नको. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकार चुकत असल्याचं एका गणिताच्या प्राध्यापकाने दाखवून दिलं. भागाकारासाठी वापरायच्या तक्त्यातल्या पाच नोंदी गहाळ होत्या. चिपा बदलून देण्यासाठी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. तेव्हापासून डिझाइन बरोबर आहे का, हे तपासण्यावर कंपन्या अफाट खर्च करतात. व्हेरिफिकेशन नावाच्या या कामात भारतातले हजारो इंजिनिअर आहेत. जगभरच्या चिप डिझायनरांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत असं सांगितलं जातं, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

भाषा खुली, दुभाषा कुणाचा?

आता पुन्हा त्या पत्रांकडे येऊ.

व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल कुणाच्या मालकीच्या नाहीत. प्रमाण प्रसिद्ध आहे, पुस्तकं आहेत, कुणीही शिकावं. पण लिहिलेल्या ओळींचं सिंथेसिस करणारं, त्या गेटना चिपवर जागा देणारं, तारांचं जाळं विणणारं आणि शेवटी 'हे आता कारखान्यात पाठवायला हरकत नाही' असा शेरा देणारं सॉफ्टवेअर मुख्यतः तीन कंपन्यांकडे आहे. तीच ती पत्रं मिळालेली तीन नावं. सीमेन्स ईडीए म्हणजे वर उल्लेख आलेली मेंटॉर; २०१७ मध्ये सीमेन्सने ती विकत घेतली. मालक जर्मन असला तरी धंद्याचा पाया अमेरिकेत, त्यामुळे अमेरिकी नियम तिलाही लागू होतात.

ही साखळी तोडून चालत नाही. तैवानच्या टीएसएमसीसारखा कारखाना प्रत्येक नव्या तंत्रज्ञानासाठी डिझाइनचे नियम देतो आणि कुठलं सॉफ्टवेअर त्यासाठी प्रमाणित आहे, तेही सांगतो. त्या यादीबाहेरचं सॉफ्टवेअर वापरून कोट्यवधी डॉलरची चिप बनवायला टाकायची हिंमत कुणी करत नाही. शिवाय परवाने ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली आणि नवा परवाना मिळाला नाही, की तुमच्याकडे उरतो तो फक्त मजकूर. व्याकरणशुद्ध, सुंदर आणि निरुपयोगी.

चीनला याची कल्पना आधीपासून आहे. ऑगस्ट २०२२ मध्येच अमेरिकेने सर्वांत प्रगत प्रकारच्या ट्रान्झिस्टरसाठी लागणाऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरवर निर्बंध आणले होते. चीनमध्ये एम्पिरियनसारख्या कंपन्या पर्याय उभे करत आहेत. ॲनालॉगमध्ये, म्हणजे जिथे माणूस अजून चित्र काढतो तिथे, त्यांची प्रगती चांगली आहे. मजकुरापासून प्रगत डिजिटल चिपपर्यंतची सलग साखळी हे मात्र अजून अवघड दुखणं आहे. या फरकाचं कारण वरच्या सगळ्या कहाणीत आहे. चित्र काढण्याच्या पद्धतीत बरंचसं ज्ञान इंजिनिअरच्या डोक्यात असायचं. लिहिण्याच्या पद्धतीत ते दुभाषाच्या पोटात गेलं आणि तिथे चाळीस वर्षं साचत राहिलं.

भारत यात कुठे उभा आहे?

भारतावर असे निर्बंध नाहीत, आणि नजीकच्या काळात येतील असंही दिसत नाही. पण असं घडू शकतं, याचा अनुभव आपल्याला आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर इस्रो आणि डीआरडीओच्या अनेक संस्था अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेल्या. त्यातल्या शेवटच्या काही २०११ मध्ये बाहेर आल्या. अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये एआय चिपच्या निर्यातीसाठी अमेरिकेने केलेल्या नियमावलीत निकटच्या १८ देशांमध्ये भारताचं नाव नव्हतं. ती नियमावली मे महिन्यात मागे घेतली गेली, ही गोष्ट वेगळी.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम जाहीर केला. बातम्यांमध्ये धोलेरा आणि साणंदचे कारखाने असतात, पण त्याचाच एक भाग डिझाइनसाठी आहे. चिप डिझाइन करणाऱ्या स्टार्टअपना पात्र खर्चाच्या निम्मी, कमाल १५ कोटी रुपयांपर्यंत मदत मिळते. 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत ८५ हजार इंजिनिअर घडवायचं उद्दिष्ट आहे. आणि सी-डॅकच्या बंगळुरू इथल्या चिपइन केंद्रातून महागडं डिझाइन सॉफ्टवेअर सामायिक पद्धतीने पुरवलं जातं. सरकारने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार २७० हून अधिक शिक्षणसंस्था आणि ७० च्या आसपास स्टार्टअपना त्याचा लाभ मिळाला.

हे काम मोलाचं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजला हे परवाने स्वतःच्या पैशाने घेणं परवडलंच नसतं. विद्यार्थ्यांनी डिझाइन केलेल्या काही चिप मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानावर बनूनही आल्या. पण चिपइनमधून जातं ते सॉफ्टवेअर प्रामुख्याने त्याच तीन कंपन्यांचं आहे. अमेरिकेच्या नकारातून जन्मलेली संस्था आज अमेरिकी परवान्यांची वाटपकर्ती आहे, यातला विरोधाभास नजरेआड करण्यासारखा नाही.

'स्वदेशी प्रोसेसर' या शब्दाकडेही म्हणूनच जरा थांबून पाहायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांना दिलेला इस्रोचा विक्रम ३२०१ हा ३२ बिटचा प्रोसेसर डिझाइनने भारतीय आहे आणि मोहालीत बनलेला आहे, ही खरोखर मोठी गोष्ट. (तो चालवण्यासाठी एडा भाषेची सोय आहे. होय, तीच एडा, जिच्यावरून व्हीएचडीएल बेतली गेली.) आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचे वेगा प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. पण आज्ञासंच खुला असणं, डिझाइन आपलं असणं आणि ते साकारणारं सॉफ्टवेअर आपलं असणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन आपण चढलो आहोत.

तिसऱ्या पायरीवर काहीच नाही, असं मात्र नाही. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने बनवलेला अजित हा प्रोसेसर या बाबतीत वेगळा ठरतो. या गटाने आहिर नावाची स्वतःची साधनं बनवली. त्यात एचडीएलपेक्षाही वरच्या पातळीवर, म्हणजे काय करायचं ते अल्गोरिदमसारखं लिहायचं आणि त्यातून व्हीएचडीएल आपोआप तयार करून घ्यायची. शक्तीसाठीही साधं व्हेरिलॉग न लिहिता ब्लूस्पेक ही त्यावरची भाषा वापरली गेली. एमआयटीचे दिवंगत प्राध्यापक अरविंद यांच्या संशोधनातून ती आली आणि २०२० मध्ये तिचा कंपायलर खुला झाला. चित्राकडून एचडीएलकडे जाताना झालं तेच इथे पुन्हा घडतंय: एक पायरी वर सरकायचं आणि खालचं काम यंत्रावर सोपवायचं.

आयआयटी मुंबईच्याच फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे मोफत सॉफ्टवेअर कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी जास्त जवळचं. त्यात स्कीमॅटिक काढता येतं आणि त्याच चित्रात व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉगमध्ये लिहिलेला ठोकळाही बसवता येतो. जगभरात योसिस आणि ओपनरोड ही खुली साधनं सिंथेसिसपासून चिपच्या अंतिम नकाशापर्यंतचं काम करतात. १३० किंवा १८० नॅनोमीटरच्या चिपसाठी ती पुरेशी आहेत. ३ नॅनोमीटरच्या मोबाईल चिपसाठी नाहीत. पण गाडीतले सेन्सर, विजेचे मीटर, रॉकेटचा संगणक यांना ३ नॅनोमीटर लागतही नाही, आणि भारताला ज्या चिप आधी हव्या आहेत त्या बऱ्याचशा याच गटातल्या आहेत. म्हणून खुल्या साधनांवर होणारा खर्च आज नगण्य असणं खटकतं. कारखान्यांच्या अनुदानाच्या तुलनेत तो चिमूटभर ठरेल, आणि जिथे आपल्याकडे माणसं आहेत नेमक्या तिथे तो लागेल.

एआय आल्यावर काय बदलेल?

चिप मजकुरात आली, याचा एक परिणाम चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. मजकूर आहे म्हणून एआयला तो वाचता-लिहिता येतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी चॅटजीपीटीशी इंग्रजीत संवाद करत ८ बिटचा एक छोटा प्रोसेसर व्हेरिलॉगमध्ये लिहून घेतला आणि तो प्रत्यक्ष चिपवर बनवायलाही पाठवला. त्याच वर्षी एनव्हिडियाने मॉडेल किती बरोबर व्हेरिलॉग लिहितात, हे मोजण्यासाठी प्रश्नसंच प्रसिद्ध केला.

सी किंवा पायथनच्या मानाने व्हेरिलॉगचा मजकूर इंटरनेटवर खूप कमी आहे, कारण चांगली डिझाइन कंपन्यांच्या कुलपात असतात. त्यामुळे मॉडेलही विद्यार्थ्यांसारख्याच चुका करतात: राहून गेलेला 'नाहीतर' आणि त्यातून आलेला लॅच. वेबसाइटमधली चूक संध्याकाळी दुरुस्त करता येते. चिपमधली चूक कळते ती काही महिन्यांनी, पैसे खर्च झाल्यावर. त्यामुळे लिहिणाऱ्यांपेक्षा तपासणाऱ्यांची गरज वाढेल असं आत्ता तरी दिसतं. भारतातल्या व्हेरिफिकेशन इंजिनिअरांसाठी ही चांगली बातमी असू शकते. ज्यांचं काम फक्त साचेबद्ध ओळी लिहिण्याचं आहे, त्यांच्यासाठी नाही.

चित्राची बाजू मात्र पुरती पडलेली नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टायनी टेपआउट या उपक्रमात कुणालाही एका मोठ्या चिपवरचा छोटासा चौकोन विकत घेऊन त्यात आपलं सर्किट बसवता येतं. ज्याला व्हेरिलॉग येतं त्याने ती लिहावी. ज्याला येत नाही त्याने ब्राउझरमध्ये गेट ओढून, तारा जोडून चित्र काढावं. पडद्यामागे त्या चित्राचं व्हेरिलॉगच होतं आणि पुढचा प्रवास खुल्या साधनांवर चालतो. ही चिप बनवून देणारी एफॅबलेस कंपनी मार्च २०२५ मध्ये बंद पडली, तेव्हा उपक्रमही संपला असं वाटलं होतं. पण डिझाइन मजकुरात होती, साधनं कुणाच्या परवान्यात अडकलेली नव्हती. काही महिन्यांत जर्मनीतल्या एका संशोधन संस्थेच्या कारखान्यासाठी त्यांनी पुन्हा चौकोन विकायला सुरुवात केली.